आम्ही गावाचं नाव नागपूर सांगितलं

रेवा आता बरी आहे. शाळेत जाते, डोशाची कड कुरकुरीत नसली की ताट सरकवते आणि मी ओरडले की उलट मलाच शांत राहायला सांगते. हे आधीच सांगून टाकते, कारण आजारपणावरचं वाचताना आपण सगळेच शेवट आधी बघतो. इस्पितळात बसून मीही तेच करत होते. मोबाइलवर अनोळखी आयांचे अनुभव शोधायचे आणि मूल वाचलं की नाही एवढं खाली जाऊन बघायचं.

ती घरी आल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाने सांगितलं, देवाची कृपा. मी मान हलवली, चहा दिला. आतून मात्र माझा संताप होत होता आणि अजून होतो. मलेरिया कशाने होतो, कसा ओळखायचा, कशाने बरा होतो, हे माणसाला कधीपासून माहीत आहे. तपासणी आहे, गोळ्या आहेत. तरी मुलं मरतात आणि ती कोणाची मुलं असतात हेही सगळ्यांना माहीत असतं. ज्यांच्या घरात आत्ता एखादं पोर तापाने फणफणलं असेल, त्यांना या लिहिण्याचा काही उपयोग झाला तर बरंच आहे. पण मी शांतपणे लिहीन असं काही कबूल करत नाही.

दसऱ्याची सुट्टी

आम्ही सर्जापूर रोडला राहतो. मी आणि माझा नवरा नितीन, दोघांची ऑफिसं महादेवपुऱ्यात. मी पुण्याची. नितीनचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, आत जंगलात. तिथे त्याचा धाकटा भाऊ प्रमोद, माझी जाऊ रंजना, त्यांची मुलगी तनू आणि एक तान्हं बाळ असतं. इथल्या शाळांना दसऱ्याची लांबलचक सुट्टी असते, तेव्हा आम्ही दरवर्षी तिकडे जातो. धान कापणीला आलेलं असतं आणि हवा छान असते.

तनू रेवापेक्षा काही महिन्यांनी मोठी. तेवढ्या मोठेपणावर ती रेवावर पुरेपूर हुकूम गाजवायची. चिंच कोणत्या झाडाची आंबट, कोणत्या कुत्र्याच्या वाटेला जायचं नाही, हे सगळं तिने रेवाला शिकवलं. एकदा मला म्हणाली, "मोठी आई, तुमच्या बंगळुरूत रेवाले काहीच शिकवत नाई का जी?" रेवाला हे भयंकर पटलं. मग माझ्यावर दोघी मिळून हसल्या.

दोघी पडवीत एकाच खाटेवर झोपायच्या. घरात धड अशी एकच मच्छरदाणी होती, सरकारने वाटलेली, औषध लावलेली. ती बाळावर असायची. बाकीच्या फाटल्या होत्या आणि नव्या काही आल्या नव्हत्या. पूर्वी पावसाळ्यात फवारणीवाले यायचे, घराच्या भिंती फवारायचे आणि दाराशेजारी गेरूने तारीख लिहून जायचे. ती तारीख अजून तिथे आहे. ती तनूच्या जन्माच्या आधीची आहे.

मी पहिले काही दिवस दोघींना मच्छर पळवायचं मलम लावलं. मग ट्यूब संपली. तालुक्याला गेलं की आणू म्हणालो आणि राहून गेलं.

नेटिव प्लेस

परत आल्यावर आठवड्याभरात रेवाला ताप आला. बंगळुरूत कोणालाही ताप आला की पहिलं नाव डेंगीचं निघतं. आमच्या सोसायटीत तर शिंक आली तरी लोक प्लेटलेट मोजून येतात. आम्ही कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. डेंगीची तपासणी झाली, टायफॉइडची झाली, दोन्ही नाही म्हणून आली. डॉक्टरांनी विचारलं, कुठे बाहेर गेला होता का?

नितीन म्हणाला, "नेटिव. नागपूर."

मी शेजारीच बसले होते. मलाही काही खटकलं नाही. कारण आम्ही नागपूरच सांगतो. चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, गडचिरोली, तिकडचे जेवढे लोक मला बंगळुरूत भेटले ते सगळे स्वतःला नागपूरचे म्हणवतात. गडचिरोली म्हटलं की समोरचा एक तर "ते कुठे आलं" म्हणतो, नाही तर नक्षलवाद्यांबद्दल विचारतो. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून नितीनने हे ऐकलं होतं. कँटीनमध्ये कोणीतरी त्याला बंदूक चालवता येते का म्हणून विचारलं होतं आणि टेबलावरचे सगळे हसले होते. तेव्हापासून त्याचं गाव नागपूर. मीही माझ्या मैत्रिणींना सासर नागपूर सांगते.

डॉक्टरांनी नागपूर ऐकलं. मोठं शहर, विमानतळ, मॉल. त्यांनी व्हायरल लिहिलं आणि भरपूर पाणी पाजायला सांगितलं.

ताप उतरायचा, रेवा उठून कार्टून लावायची. आम्हाला वाटायचं, सुटलो. मग पुन्हा थंडी वाजायची. दोन पांघरुणं घातली तरी तिचे दात वाजायचे. मी तिला पोटाशी धरून बसायचे तर माझंही अंग हलायचं. नितीन म्हणायचा, व्हायरल असंच असतं. मी त्याच्यावर चिडायचे आणि त्याचं खरं असावं अशी मनात प्रार्थना करायचे.

एका सकाळी तिने मला ओळखलं नाही. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. आम्ही तिला उचलून मोठ्या इस्पितळात नेलं. गाडीतच तिला झटका आला.

काचेच्या अलीकडे

त्या इस्पितळात सगळं होतं. चकचकीत फरशी, कॉफीचं दुकान, आयसीयू, आमचा कंपनीचा विमा. नव्हतं ते फक्त निदान. आधीच्या दवाखान्याचे कागद त्यांनी ग्राह्य धरले, पुन्हा एकदा कुठून आलात विचारलं आणि आम्ही पुन्हा नागपूर म्हणालो. प्लेटलेट खाली होत्या. त्यांना मेंदूज्वराची शंका आली. पाठीतून पाणी काढायचं ठरलं. मी सही केली. कशावर केली ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला काही काम नसतं, हाच त्रास मोठा. दर वेळी दार उघडलं की मी उठून उभी राहायचे. आमच्या मजल्यावरच्या जयाक्का डबा घेऊन आल्या. त्या इथल्या जुन्या मराठी घरातल्या, तीन पिढ्या बंगळुरूत गेलेल्या. त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही. झाकण उघडून चमचा हातात दिला आणि म्हणाल्या, "गंजी आहे. स्वल्प तरी खा. तू पडलीस तर पोरीकडे कोण बघेल? सरी, ठीक आहे?" मी ती तांदळाची पेज उभ्यानेच प्यायले. त्या दिवसातली चांगली गोष्ट म्हणावी अशी ती एकच.

मग नितीनचा फोन वाजला. प्रमोदचा होता. नितीनने रोजच्या सवयीने स्पीकर लावला.

"दादा, तनू गेली जी."

नितीन म्हणाला, "कुठे गेली?"

"गेली दादा. ताप होता तिले. डोक्यात चढला. गाडी मिळाली तवा नेलं, पन रस्त्यातच गेली. हिवताप होता म्हनतात सारे."

नितीन भिंतीला टेकून खाली बसला. प्रमोद पलीकडून दादा, दादा म्हणत राहिला. शेवटी मीच फोन घेतला आणि काय बोलले ते मला आठवत नाही. आठवतं एवढंच, की माझ्या डोळ्यांसमोर पडवीतली खाट होती. एकच खाट आणि तिच्यावर दोघी.

मी आयसीयूचं दार ढकललं. आत यायचं नाही म्हणून एक माणूस आडवा आला, त्याला मी बाजूला केलं. डॉक्टर रेवाजवळच उभे होते. मी म्हणाले, "आम्ही नागपूरहून आलेलो नाही. गडचिरोलीहून आलोय. जंगल आहे तिथे. हिच्याबरोबर एका खाटेवर झोपणारी हिची बहीण आत्ता मलेरियाने गेली."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि नर्सला रक्त घ्यायला सांगितलं. तपासणी व्हायला फार वेळ लागला नाही. बोटाच्या टोकातलं थेंबभर रक्त, एक पट्टी. मलेरिया होता आणि तोही मेंदूपर्यंत जाणारा. लगेच इंजेक्शन सुरू झालं.

नंतर मी त्या डॉक्टरांना विचारलं, तुम्ही आधीच का नाही बघितलं? ते म्हणाले, इथे आम्हाला हा क्वचित दिसतो, दिसला तर बाहेरून आलेल्यात. म्हणून तर विचारलं होतं, कुठून आलात. त्यांचं चुकलंच, शहर कुठलंही असो, सुईच्या एका टोचणीने कळणारी गोष्ट बघायला हवी होती. पण त्यांच्यावर ओरडताना माझा आवाज पूर्ण चढला नाही.

नवरा-बायको

सगळा आवाज मी नितीनवर चढवला. इस्पितळाच्या जिन्यात, लोक येत-जात असताना. नागपूर कशाला म्हणालास, तुला लाज वाटते का तुझ्या गावाची, असं काय काय. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तूही तेच सांगतेस." खरंच होतं. त्यामुळे मला अजूनच राग आला.

त्याला गावी जायचं होतं. त्याच्या भावाची पोर गेली होती, आणि लहान मुलाला माती द्यायला तिकडे कोणाची वाट बघत नाहीत. मी त्याला जा म्हणाले नाही आणि थांब म्हणाले नाही. तो तिकिटं बघायचा, मोबाइल खिशात ठेवायचा, पुन्हा काढायचा. शेवटी थांबला. प्रमोदने त्याला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. नितीनला ते जास्त लागलं.

ज्यांच्या घरात असं काही चालू आहे त्यांना सांगते. त्या दिवसांत एकमेकांना बोललेलं नंतर मनात धरू नका. आम्ही अजून प्रयत्न करतोय.

कण्णु बिट्टळु

इंजेक्शन सुरू झाल्यावरही रेवा लगेच जागी झाली नाही. मी रोज ठरलेल्या वेळी आत जायचे, तिचे पाय चोळायचे, तिच्या कानाशी शाळेतल्या मुलींची नावं घ्यायचे. तिथली एक नर्स होसकोट्याहून यायची. मला रडताना बघून ती "अळबेडी, अक्का", रडू नका, म्हणायची आणि स्वतःचा रुमाल द्यायची. माझं कन्नड भाजीवाल्यापुरतं आणि रिक्षापुरतं. पण एका सकाळी ती दारापर्यंत जवळजवळ पळत आली आणि म्हणाली, "अक्का, कण्णु बिट्टळु." ते मला एका क्षणात कळलं. रेवाने डोळे उघडले होते.

तिने पाणी मागितलं. मग थोड्या वेळाने विचारलं, तनू कुठे झोपली?

मी म्हणाले, घरी.

तिकडे काय झालं

रेवा वॉर्डात आल्यावर नितीन गावी जाऊन आला. त्याने आणलेली हकिकत मी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली. मला वाटत होतं, कुठेतरी एखादा दुष्ट माणूस सापडेल. सापडला नाही.

तनूला ताप आल्याबरोबर गावातली आशाताई आली होती. बोटातलं रक्त पट्टीवर घेऊन जागच्या जागी तपासायचं किट उपकेंद्रात संपलेलं होतं, मागणी पाठवली होती, माल आला नव्हता. मग तिने काचेवर रक्त घेतलं. ती काच आरोग्य केंद्रात गेली. तिथे तपासणारा माणूस कंत्राटावर होता, कंत्राट संपलं, पुन्हा कोणाला घेतलं नाही. काच तालुक्याला गेली. तोवर तापाची साधी गोळी. मलेरियाच्या गोळ्या उपकेंद्राच्या कपाटात होत्या. पण तपासल्याशिवाय त्या द्यायच्या नाहीत असा नियम आहे, आणि तपासायला काही नव्हतं. आशाताई प्रमोदसमोर बसून रडली म्हणे. मला तिचा राग येत नाही.

राग कुणाचा येतो ते सांगते. त्या आरोग्य केंद्राची इमारत नवी आहे. फरशी आहे, पाण्याचं मशीन आहे, दाराशी पुढाऱ्यांच्या नावांची संगमरवरी पाटी आहे. पैसा आला होता, तो तिथे लागला. इमारतीची फीत कापता येते, फोटो निघतो. तपासनिसाच्या पगाराची फीत कशी कापणार? फवारणीच्या मजुरीचा फोटो कोण छापणार? दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दिवशी आरोग्यासाठी भरघोस तरतूद म्हणून टीव्हीवर टाळ्या वाजतात. मी पगारातून कर भरते. माझ्या पैशाच्या टाळ्या वाजवताना एक पट्टी त्या उपकेंद्रात पोचत नसेल, तर मला भीक नको आहे, मला जाब हवा आहे.

आणि याहून वाईट पुढे आहे. तनूची काच तालुक्याला पोचेपर्यंत खराब झाली. वाचता आली नाही. त्यामुळे तालुक्याच्या आरोग्य खात्यातल्या साहेबांनी प्रमोदला सांगितलं की मृत्यूचं कारण ताप, मलेरिया सिद्ध झालेला नाही. म्हणजे मलेरियाने मेलेल्या मुलांत तनू नाही. अशी मोजलीच नाहीत की मुलं कमी मेली असं दिसतं. कमी मेली म्हणून रोग आटोक्यात. आटोक्यात म्हणून माणसं कमी, किट कमी, फवारणी बंद. मग पुढच्या पोराला तपासायला कोणी नसतं. सरकारात कोणी बसून हे मुद्दाम रचलं असतं तर मला इतका राग आला नसता. हे असंच चालू आहे आणि कोणाला ते थांबवायची घाई नाही.

रेवाची मात्र नोंद झाली. इस्पितळाने कळवलं आणि ती घरी येते न येते तोच पालिकेच्या एक बाई दारात. सौम्य होत्या, सगळी माहिती घेतली, आमचं दोघांचं रक्त घेतलं, शेजाऱ्यांना विचारलं. मग धुराचं मशीन आलं. आमच्या सोसायटीत, जिथल्या डासाने एकालाही मलेरिया दिलेला नव्हता, तिथे धूर झाला. सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की भिंतीपलीकडच्या बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या हलवायला सांगा, हे लोक रोग आणतात. घरकामाला येणाऱ्या बायकांची रक्ततपासणी करा, असंही आलं. मी लिहिलं की रोग मी आणला, माझ्या सासरहून, विमानाने. माझं सासर गडचिरोली. त्यावर एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं.

रंजना

रेवाला घरी आणल्यावर कितीतरी दिवस मी रंजनाला फोन केला नाही. नितीन बोलायचा, प्रमोद बोलायचा. मी भांडी घासायचे. काय बोलणार होते मी? माझी आहे, तुझी नाही, याच्या पलीकडे आमच्यात काय उरलं होतं?

शेवटी तिनेच केला. दुपारची वेळ होती, रेवा शाळेत गेली होती. रंजना आधी बाळाबद्दल बोलली, दात येतायत म्हणाली. धान विकलं म्हणाली. मग विचारलं, "रेवा जेवते का आता?"

"जेवते."

"गोड वाटलं आयकून." मग म्हणाली, "ताई, एक विचारू का जी? तुमच्या डॉक्टरले कसं समजलं, का हा हिवताप हाय म्हनून?"

या प्रश्नाची मला भीती होती. काहीतरी सांगायचं मी आधी ठरवूनही ठेवलं होतं, मोठं इस्पितळ, मोठी मशीनं, असलं काहीतरी. ते माझ्या तोंडातून निघेना. रंजनाशी खोटं बोलायचा मला काय अधिकार होता?

मी म्हणाले, "त्यांना नाही समजलं, रंजना. प्रमोदभाऊंचा फोन आला. तनू गेली म्हणाले. तेव्हा समजलं."

ती रडली नाही. मग ती अगदी हळू, खरंच उत्तर हवं असल्यासारखं म्हणाली, "मंग आमच्या तनूसाठी कोनाचा फोन याले पाह्यजे होता, ताई?"